धावणाऱ्यांची ताटं वाचणारी ताबिथा

ताबिथा जेबिवोटला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, त्यांची ताटं राहत. मागच्या वर्षी आलेला तो उंच मुलगा कोण, असं कुणी विचारलं की ती उलट विचारायची, "कुठला? भात टाकणारा, की राजम्यात साखर घालणारा?"

केनियातल्या इटेन गावाच्या वरच्या अंगाला, जिथून दरी एकदम खाली कोसळते, तिथे लांब पल्ल्याच्या धावपटूंचा एक कॅम्प आहे. ताबिथा तिथे एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. बावीस पोरं-पोरी. पहाटे जेमतेम दिसू लागलं की सगळी तांबड्या रस्त्याने पळायला निघायची, पोटात घोटभर पाण्याशिवाय काही नसायचं. आठच्या सुमाराला परतली की थंडीत त्यांच्या अंगातून वाफा निघत. तोवर चहा उकळलेला असे, निम्मं दूध, निम्मं पाणी, आणि साखर सढळ हाताने. दुपारी भात, राजमा, बटाटे. संध्याकाळी उगाली आणि सुकुमाची परतलेली पानं. बावीस जणांचं मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटायचं म्हणजे चाटू दोन्ही हातांनी धरावा लागतो. ताबिथाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झाला होता.

पोरं तिला कोगो म्हणत, म्हणजे आजी. वय त्रेपन्न, पण चालताना ती डावा पाय थोडा फेकायची, त्यामुळे म्हातारी वाटायची.

तो पाय एकोणिसाव्या वर्षी मोडला होता. त्या वेळी ती दहा हजार मीटर पळायची आणि राष्ट्रीय निवड चाचणीपर्यंत पोचली होती. तेव्हाचा कोच तिला सगळ्यांसमोर मालगाडी म्हणायचा. ताबिथाने जेवण निम्म्यावर आणलं. चार महिन्यांत पाळी बंद झाली. बरोबरच्या मुली म्हणाल्या, सुटलीस, आता कटकट नाही. दोन वर्षं ती सुटलेलीच राहिली. मग चाचणीच्या दिवशी, सोळाव्या फेरीला, वळणावर तिच्या नडगीचं हाड वाळक्या फांदीसारखं मोडलं. हाड वाकडं जुळलं. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, नवरा गेला, आणि ती कॅम्पात चुलीपाशी आली.

हाड का मोडलं, हे तिला कळायला पंधरा वर्षं लागली. कॅम्पात रक्त तपासायला येणारी सिस्टर लिडिया एकदा स्वयंपाकघरात बसली असताना ताबिथाने सहज गोष्ट सांगितली. लिडिया म्हणाली, "अगं, पळणं चालू आणि खाणं अपुरं, म्हणजे शरीर काटकसर करतं. आधी पाळी बंद करतं, मग हाडांची डागडुजी. तुझं हाड दोन वर्षं उपाशी होतं."

ताबिथाने वाकड्या जुळलेल्या नडगीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आणि मला वाटायचं, देवाने केलं."

त्या दिवसापासून ती लिडियाला प्रश्न विचारू लागली आणि लिडियाला ते आवडू लागलं. एका वर्षी पाच जणांच्या रक्तात लोह कमी निघालं. लिडियाने विचारलं, जेवताना काय पितात? चहा, आणखी काय, ताबिथा म्हणाली. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, असं लिडिया म्हणाली. ताबिथाने दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर तास-दीड तास चहा बंद केला आणि सुकुमावर लिंबू पिळायला लागली. कॅम्पात बंडच झालं. मॅरेथॉन पळणारा होसिया किबोर सगळ्यांच्या वतीने आला.

"कोगो, लग्नात नवरी नसली तरी एकवेळ चालेल. पण उगालीबरोबर चहा नाही म्हणजे काय?"

"म्हणजे तास-दीड तास थांबायचं. बेचाळीस किलोमीटर दम धरतोस ना?"

तीन महिन्यांनी पाचांपैकी चौघांचं रक्त सुधारलं. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं होसिया सगळ्यांना सांगत फिरला. हाच होसिया एकदा चाळीस किलोमीटर पळून आल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. सकाळी त्याने आपल्या उंचीची कोळशाने खूण केली होती, आता तो अर्धं बोट खाली भरला. त्याचा चेहराच उतरला.

"कोगो, मी आखडलो."

"मणक्यांमधल्या गाद्या दबल्यात. झोपून उठलास की भरतील."

सकाळी उठून त्याने पुन्हा मापलं, तेव्हा कुठे नाश्त्याला बसला.

नाओमी जेमेली आली ती जानेवारीत. वीस वर्षांची, मराक्वेतकडची, कॅम्पातल्या सगळ्या मुलींत वेगवान. एप्रिलच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये ती नाव काढणार, असं कोच झकायो किप्सनाई म्हणत होता. झकायो आणि ताबिथा एकाच शाळेचे, एकाच संघात पळालेले. माणूस वाईट नव्हता. पण भिंतीवर त्याने वजनांची यादी लावली होती आणि दर सोमवारी काट्यावर उभं करून तो आकडे लिहायचा. वजन घटलं की नावापुढे टिकमार्क. नाओमीच्या नावापुढे सात टिकमार्क झाले होते.

ताबिथाला यादी बघायची गरज नव्हती. नाओमी उगालीचा गोळा बोटांनी मोडून ताटभर पसरायची, म्हणजे खाल्ल्यासारखा दिसतो. मांस शेजारणीच्या ताटात जायचं. हे सगळं ताबिथाने स्वतःही केलं होतं, अगदी असंच. मार्चमध्ये एका दुपारी नाओमी नळाखाली बूट धूत होती, तेव्हा ती शेजारी बादली घेऊन बसली.

"पाळी कधी आली होती शेवटची?"

नाओमीने इकडेतिकडे पाहिलं. "कोगो, हे काय विचारणं झालं?"

"विचारलंय तर सांग."

"ऑगस्टमध्ये. पळणाऱ्या मुलींची जातेच. सगळ्या म्हणतात, अंग तयार झाल्याची खूण आहे."

"त्या सगळ्या आज कुठे पळतायत?"

नाओमी बूट घासत राहिली. ताबिथाने लुगड्यासारखा गुंडाळलेला कपडा गुडघ्यापर्यंत वर केला आणि नडगीवरचा उंचवटा दाखवला. नाओमीने पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या वेळी धड बूट नव्हते."

"बूट होते. जेवत नव्हते."

याचा काही उपयोग झाला नाही. ताबिथा झकायोला पाळीचं सांगायला गेली, तर त्याने संकोचाने तोंड फिरवलं. "हे बायकांचं मला सांगू नकोस. वजन कमी, वेळ कमी, सरळ आहे."

मग ताबिथाने एक गोष्ट केली, जी तिने करायला नको होती. नाओमी सकाळी नाचणीची पातळ पेज तेवढी मुकाट्याने पीत असे. ताबिथाने त्या पेजेत साय आणि वाटलेले शेंगदाणे घालायला सुरुवात केली, वर दालचिनी, वास दबावा म्हणून. दोन सोमवार गेले. नाओमी काट्यावर अर्धा किलो जास्त भरली, आणि पोरगी हुशार, सरळ स्वयंपाकघरात आली. ओट्यावर सायीचं भांडं उघडंच होतं.

"माझ्या पेजेत घालत होतात?"

"हो."

"माझ्या पोटात काय जायचं ते मला न सांगता तुम्ही ठरवणार? मग तुमच्यात आणि काट्यात फरक काय? तो कमी करा म्हणतो, तुम्ही वाढवा म्हणता. मला कोणी विचारत नाही."

ताबिथाने चाटू खाली ठेवला. तिला राग यायला हवा होता, पण आली ती शरम. तिलाही एकोणिसाव्या वर्षी कोणी विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आजपासून तुझी पेज तुझ्यासमोर करीन. काय घातलं, कशाला घातलं, ते सांगीन. प्यायची का नाही ते तू ठरव."

नाओमी तीन दिवस आलीच नाही. चौथ्या दिवशी येऊन लाकडी स्टुलावर बसली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "सांगा." ताबिथाने सांगितलं, लिडियाकडून ऐकलेलं तेवढंच. दूध हाडासाठी, शेंगदाणे ताकदीसाठी. तीस किलोमीटर पळालेल्या दिवशी पातेल्यातलं किती लागतं, ते तिने पळीने मोजून दाखवलं. नाओमी म्हणाली, "एवढं तर आमचा बैल खातो." पण निम्मं खाल्लं. दुसऱ्या दिवशीही आली.

उशीर मात्र झाला होता. स्टुलावरून उतरताना ती उजवा पाय आधी टेकत नाही, हे ताबिथाने पाहिलं.

"त्या पायावर उडी मार."

"कशाला?"

"मार की एक."

नाओमीने उडी मारली, आणि उतरताना तिच्या तोंडून आवाज निघाला. नडगीवर एका बोटाएवढी जागा दुखत होती, बारा दिवसांपासून. शर्यत जवळ आली होती, म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

एल्डोरेटला नेऊन एक्स-रे काढला, तो साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, असं तडकलेलं हाड पहिल्यांदा दिसत नाही पुष्कळदा, विश्रांती द्या आणि तीन आठवड्यांनी या. झकायोने यातलं 'दिसत नाही' एवढंच ऐकलं. शर्यत अठरा दिवसांवर होती. नाओमी गुरुवारपासून हळूहळू पळेल, असं त्याने जाहीर केलं.

ताबिथाने संध्याकाळी नाओमीला बाजूला घेतलं. "मी यात पडू का? तू नको म्हणालीस तर नाही पडणार."

नाओमीने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "मला नाही म्हणता येत त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा."

गुरुवारी सकाळी पळून आलेल्या पोरांना चुलीत जाळ दिसला नाही. ताबिथा दारातल्या बाकावर शाल पांघरून बसली होती. होसियाने आत डोकावून रिकामी किटली पाहिली.

"कोगो, बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे. एका मुलीचा पाय मोडायच्या बेतात आहे आणि कोच तिला पळवतोय. तो थांबेपर्यंत चहा त्याने करावा."

कोण मुलगी, हे कोणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. एकेक जण बाकाच्या आजूबाजूला बसला. घाम थंड होऊन हुडहुडी भरू लागली, तरी कोणी आत जाऊन किटली चढवली नाही. शेवटी होसियाच झकायोला बोलावून घेऊन आला.

"ताबिथा, हा काय तमाशा आहे? एक्स-रे साफ आहे."

"माझाही साफ होता. अकरा दिवसांनी पाय मोडला." ती त्याला एरवी कोच म्हणायची. आज म्हणाली, "झकायो, मला मैदानातून उचलून कोणी नेलं?"

त्याने विझलेल्या चुलीकडे नजर वळवली.

"कोणी नेलं?"

"मी."

"मोडतानाचा आवाज ऐकलास ना?"

"प्रेक्षकांत होतो. तिथपर्यंत आला." तो खाली बघून म्हणाला. मग बाकावर तिच्या शेजारी बसला. पोरं थंडीने कुडकुडत बसली होती. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "किती दिवस ठेवायची तिला?"

"डॉक्टर सांगतील तेवढे. आणि त्या काट्याचं काय ते बघ."

ती उठली आणि चुलीत लाकडं सारली.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एक्स-रेत केसाएवढी रेघ दिसली. झकायोने तो फोटो खिडकीच्या उजेडात कितीतरी वेळ धरला होता. एप्रिलची शर्यत नाओमीने स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकली, आणि तिच्यापेक्षा हळू पळणारी मुलगी जिंकल्यावर ती बटाटे सोलता सोलता रडली. ताबिथाने तिला थांबवलं नाही. पाय बरा व्हायला चार महिने लागले. पाळी त्याहून उशिरा, ऑक्टोबरात आली. त्या दिवशी नाओमी धावत आत आली, कानाशी लागून सांगितलं, आणि ताबिथाने तिच्या ताटात मांसाचा जादा तुकडा टाकला.

वजनांची यादी भिंतीवरून गेली. काटा कोठीत आला, आता त्यावर बटाट्यांची पोती तोलतात. झकायोला अजूनही पाळी हा शब्द उच्चारता येत नाही. नवी मुलगी आली की तो म्हणतो, "आधी जा, कोगोपाशी बस, तिला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय," आणि लगबगीने निघून जातो. सगळ्या मुली ऐकतात असं नाही. मागच्या वर्षी एक कॅम्प सोडून गेली, ताबिथाची कटकट नको म्हणून. तिचं पुढे काय झालं, ते कळलं नाही. ताबिथाला तिचंही ताट आठवतं.

नाओमी पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नैरोबीला अर्धी मॅरेथॉन पळाली. शर्यत संपल्यावर तिचा फोन आला.

"कोगो, सातवी आले."

"पाय?"

"पाय ठीक आहे. भूक लागलीय खूप."

"मग फोन कशाला करतेस? आधी जेव," ताबिथा म्हणाली, आणि घाईने वळली, कारण उगाली तळाला लागत होती.