रखमा पाष्टेचे सहा डबे

रखमा पाष्टेचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी तिला मी किती ओळखत होतो असं कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येणार नाही. तिच्या पडवीत मी दोनदा चहा प्यालो. ती चहात साखर जास्त घालायची की कमी, तेही आठवत नाही, कारण दोन्ही वेळा मी खाली बघत होतो. जे थोडं ठाऊक आहे तेवढं लिहितो. त्यातही काही चुकलं असेल.

ती आमच्याच वाडीची, धर्माजी पाष्ट्यांची मुलगी. लग्न करून माणगावकडे गेली. नवरा गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी परत आली आणि बापाच्या बंद घराचं कुलूप काढून राहू लागली. भाऊ मुंबईला, तो गणपतीलासुद्धा येत नव्हता. तिची मुलगी पनवेलला दिलेली. हंगामात रखमा हरिहरेश्वरला एका राहण्या-जेवण्याच्या घरी स्वयंपाकाला जायची, पहिल्या गाडीने जाऊन तिसरीने परत. वाडीत कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण माहेरी परत आलेली बाई म्हटल्यावर लोक एकच विचार करतात. भावाच्या जमिनीत हिस्सा मागायला आली असणार. तिने कधी मागितला नाही. ती कधी मागणार, याचीच लोक वाट बघत राहिले.

आमची वाडी हरिहरेश्वरच्या रस्त्यापासून दीड मैल आत, डोंगराच्या पायथ्याला. वाडीमागून जंगलातली एक वाट वर खिंडीत जाते. खिंडीतून समुद्र दिसतो, म्हणून हल्ली पाहुणे ती चढतात. मध्ये झरीवर जेवायला बसतात आणि बाटल्या, पुड्या, कागदी ताटं तिथंच टाकून जातात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर दर रविवारी शहरातली माणसं रखमाच्या पडवीत यायला लागली. हातात फोन, पाठीवर पिशवी. तिथून रिकामी गोणी घ्यायची, जंगलात जायचं, दुपारी भरलेली गोणी आणून द्यायची. रखमा त्यांना चहा द्यायची आणि माणसं निघून जायची. वर गेल्यावर ही माणसं फोनकडे बघत झाडांच्या बुंध्यांशी वाकायची, दगड उचलून बघायची. गुराख्यांनी पाहिलं होतं.

लोकांना संशय आला यात त्यांची चूक नव्हती. सहा वर्षांपूर्वी एक माणूस असाच पक्षी बघायला म्हणून यायचा. गळ्यात दुर्बीण, बोलायला गोड. वर्षभराने कळलं की झरीखालची जमीन तीन घरांकडून त्यानेच घेतली होती. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि गुरांना लांबून न्यावं लागतं. तेव्हापासून जंगलाकडे बघणारा कुणीही परका वाडीला जमिनीची पार्टीच वाटतो.

मग मोरूला डबा सापडला. मोरू गवंडी, रखमाचा शेजारी. जांभ्याचे दगड बघायला म्हणून वर गेला होता. जंगलखात्याची हद्द दाखवणारा जुना दगड आहे, त्याच्या मागे पालापाचोळ्यात हिरवा प्लास्टिकचा डबा. घट्ट झाकणाचा, पाणी आत न जाणारा. आत एक वही, पेन्सिल, घडी घातलेली गोणी. झाकणाच्या आतून चिकटवलेल्या कागदावर आकडे.

तो डबा घेऊन मोरू गावकीच्या बैठकीत आला. माघ संपत आला होता. शिमग्याची पालखी कोणत्या दिवशी कोणत्या आळीत जाणार हे ठरवायला आम्ही देवळासमोर बसलो होतो. रावजी अध्यक्ष. त्याने डबा उघडून बघितला आणि माझ्यापुढे सरकवला.

"अण्णा, तुम्ही मोजणी खात्यातले. काय हाय हे?"

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी मोजणी खात्यात एकतीस वर्षं होतो, पण शिपाई म्हणून. साहेब फळ्यावर कागद लावून नकाशा काढायचे. मी साखळी ओढायचो, झेंडे रोवायचो, काटेरी झुडपं तोडून वाट करायचो. निवृत्त होऊन वाडीत आलो तेव्हा कुणीतरी मला 'मोजणीवाले अण्णा' म्हणालं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मग बांधाचं भांडण झालं की मला बोलावू लागले. मी जुनी साखळी घेऊन जायचो, मोजून द्यायचो, भांडण मिटायचं. मी साहेब होतो असं मी कधीच म्हणालो नाही. नव्हतो असंही म्हणालो नाही.

त्या कागदावर अठरा, त्र्याहत्तर आणि पुढे बारीक शून्यं-टिंबं होती. आमच्या वेळी असं काही नव्हतं. आता मोजणी आकाशातल्या उपग्रहावरून होते एवढं पेपरात वाचलं होतं. वीस-बावीस माणसं माझ्याकडे बघत होती. मला काही कळत नाही, एवढं म्हणायला हवं होतं. ते तोंडातून निघेना.

"मोजणीचेच आकडे दिसतात," मी म्हणालो.

"बघा," मोरू म्हणाला. "आणि ठेवलाय कुठं? बरोबर हद्दीच्या दगडाला."

हल्ली कुणाला वाळीत टाकणं गुन्हा आहे, म्हणून तो शब्द कुणी काढत नाही. रावजीने पालखीची यादी वाचली. पाष्ट्यांच्या घराचं नाव यायचं तिथे तो थांबला नाही, ते गाळून पुढचं वाचलं. सगळ्यांना कळलं. वर्षातून एकदा ग्रामदेवीची पालखी प्रत्येक घराच्या अंगणात येते, नाचते, त्या घरची बाई ओटी भरते. ज्या दारावरून पालखी तशीच पुढे जाते, त्या घरी मग लग्नकार्याला, मयताला कुणी येत नाही. सांगावं लागत नाही.

जाताना रावजी मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, तुम्ही एकदा वर जाऊन बघा. किती डबे हायत, कुठं कुठं. तुमच्याशी ती बोलेल. तुम्ही काही विचारत न्हाय, म्हणून बोलेल."

मी गेलो. हेर म्हणूनच गेलो, दुसरा शब्द नाही.

त्या रविवारी तिच्याकडे मृणाल नावाची पुण्याची मुलगी आली होती. रखमा जिथे स्वयंपाक करायची तिथे ती पूर्वी उतरली होती आणि तिथेच दोघींची ओळख झाली. मी पडवीसमोरून दोनदा गेलो, तिसऱ्यांदा रखमानेच हाक मारली.

"अण्णा, वर यायचं का? गोणी देते. रिकाम्या हातानं कुणाला नेत न्हाय मी."

मी मान हलवली. माझ्या हातात गोणी आली.

वाटेत मृणालने सगळं सांगितलं. त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठेतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे आकडे फोनवर सगळ्यांसाठी टाकतो. ते घेऊन लोक डबा शोधत येतात, वहीत नाव लिहितात, डबा होता तिथेच ठेवतात. आत बक्षीस नसतं. जगभर हे चालतं म्हणाली. इथले आकडे मृणालनेच टाकले, गोणी रखमाने घातली. जो डबा शोधायला येईल त्याने वाटेतला कचरा भरून खाली आणायचा.

मला हे पटलं नाही. बक्षीस नाही, तर पुण्याहून माणूस येईल कशाला? मी गोणीत बाटल्या टाकत होतो आणि मनात डब्यांची जागा लक्षात ठेवत होतो. पहिला ओढ्याच्या उतारावर. दुसरा हद्दीच्या दगडामागे. मोरूने नेला त्या जागी रखमाने नवा ठेवला होता. जुना कुठे गेला ते तिने विचारलं नाही. तिसरा किंजळीच्या झाडाच्या ढोलीत, चौथा झरीवर, पाचवा मोठ्या वळणावर, सहावा खिंडीत. दुसऱ्यापाशी मी धीर करून विचारलं.

"रखमा, हा डबा या दगडालाच का?"

"अण्णा, जंगलात सगळे दगड सारखे. हा एकच चार कोपऱ्यांचा. शहरातल्या माणसाला तेवढाच ओळखू येतो."

मृणाल हसली. मी हसलो नाही. हे उत्तर तिने आधीच तयार ठेवलं असेल असं मला वाटलं.

झरीवर आम्ही बसलो. रखमा पाण्यात हात घालून तळातून कुजलेल्या पुड्या काढत होती.

"हे सगळं कशासाठी करतेस?" मी विचारलं. आयुष्यात मी तिला विचारलेला हा एकच मोठा प्रश्न.

"लहानपणी इथं ओंजळीनं पाणी प्यायचो. परत आल्यावर पहिल्यांदा वर आले, ओंजळ भरली तर त्यात शाम्पूची पुडी. एकटीनं किती उचलणार? ही पोरं डब्यासाठी येतात तर येऊ देत."

मग पुड्यांतलं पाणी ओतून टाकत तिने विचारलं, "यंदा पालखी आमच्या आळीत कधी हाय? यादी झाली म्हणतात. मला कुणी सांगितलं न्हाय. बापाच्या वेळेपासनं दाराशी येते. ओटीचं सामान आणायला लागेल."

मी म्हणालो, "बघतो." नजर तिच्याकडे गेली नाही. तिला सगळं कळलं असेल आणि ती मला जोखत असेल असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

घरी आलो आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सहा डबे मांडले. रावजीला द्यायचे म्हणून नीट काढले, पावलं मोजलेली होती. काढून झाल्यावर बराच वेळ बघत बसलो. मोजणी ज्या दगडापासून सुरू होते त्या दगडाशी परत येऊन मिळावी लागते. ती मिळाली नाही तर साहेब दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा रानात न्यायचे. किती उन्हाळे आम्ही असे दोनदा घालवले. रखमाचे डबे वाटेच्या कडेने वाकडेतिकडे वर जात होते आणि खिंडीत संपत होते. कुठेच वळून येत नव्हते. त्यांच्यामध्ये गुंठाभर जमीनही अडकत नव्हती. शिवाय दुसऱ्यापासून पुढचे सगळे जंगलखात्याच्या बाजूला, जिथली माती कुणी विकू शकत नाही. साखळी ओढणाऱ्याला हे कळतं. त्यासाठी साहेब असावं लागत नाही.

तरी आठ-दहा दिवस तो कागद माझ्याकडेच राहिला. रखमाबद्दल संशय तेव्हाही पुरता गेला नव्हता. जमीन नसेल तर दुसरं काहीतरी असेल. पण मी जे म्हणालो होतो ते खोटं होतं, एवढं नक्की होतं.

होळीच्या आदल्या संध्याकाळी मी रावजीच्या अंगणात गेलो. मोरू आणि आणखी सात-आठ जण पालखीचे दांडे पुसत होते. मी कागद पुढे केला.

"रावजी, माझं मागचं बोलणं चुकलं. ही मोजणी नाही. हद्द मिळतच नाही."

रावजीने कागद उलटा धरला, मग सुलटा. "तेव्हा तर म्हणालात मोजणीच."

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

"एकतीस वर्षं साहेब होतात ना?" मोरू म्हणाला.

"साहेब नव्हतो. साखळी धरायचो."

कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं, कारण रावजीच्या डोक्यात दुसरंच आलं होतं.

"म्हणजे आमचा आणि मोरूचा बांध तुम्ही मोजून दिलात तो?"

"तो बरोबर आहे. साखळी धरता येत होती मला."

"ते आता आम्ही कुणाला विचारायचं?"

मोरू दांडा पुसता पुसता म्हणाला, "रखमेकडचा चहा चांगला असतो वाटतं."

मी हललो नाही. एरवी मी केव्हाच घरी गेलो असतो. रावजीने दोनदा माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली.

"पालखी जाईल तिच्याकडे. शेवटी जाईल, सगळी वाडी झाल्यावर. आणि डब्यांचं शिमग्यानंतर बघू. आमचा तुमच्यावर विश्वास हाय म्हणून न्हाय. उद्या देवी विचारील, म्हणून."

पालखी शेवटच्या दिवशी दुपारी पाष्ट्यांच्या अंगणात आली. दमलेली माणसं, तरी नाचवली. एका दांड्याला मोरू होता. रखमाने ओटी भरली आणि सगळ्यांना सरबत दिलं. मी कुंपणापाशी उभा होतो. तिने मला पण पेला आणून दिला.

डब्यांचं शिमग्यानंतर कुणी बघितलं नाही. रविवारी माणसं येत राहिली आणि लोक त्यांच्याकडे पूर्वीसारखेच बघत राहिले. माझ्याकडेही आता तसंच बघतात. मला बांधावर कुणी बोलावत नाही. रावजी आणि मोरूने बांध दुसऱ्याकडून मोजून घेतला, तो होता तिथेच निघाला, पण ते मला त्या दोघांनी सांगितलं नाही. ते मला तिसऱ्याकडून कळलं.

वैशाखात रखमा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पनवेलला गेली. ऑपरेशन नीट झालं. महिन्याने तिथेच ती झोपेत गेली. बैठकीत मोजणी म्हणणारा मी होतो, हे तिला कळलं होतं का, ते मी विचारणार होतो. ती निघाली त्या सकाळी गाडीच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो, वेळही होता. मी रस्त्याकडे बघत राहिलो. गाडी वळणावर दिसली तेव्हा तीच बोलली.

"अण्णा, पालखी नाचवताना पोरं पायरीवर चढली व्हती. तिथली एक फरशी हललीय. मोरूला सांगाल का बसवायला?"

"सांगतो."

"सिमेंट दाराच्या मागं हाय. पावसाआधी म्हणावं."

"सांगतो."