‘भलतंच’वाली कंडक्टर

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या गाडीवर धम्मप्रिया जोंधळे कंडक्टर असली, की नेहमीचे प्रवासी तिच्यापुढं दोनदा हात करायचे. एकदा तिकिटासाठी आणि एकदा ‘भलतंच’च्या अंकासाठी. लोह्याला हातात पडलेला अंक चाकूर आलं की मुकाट्यानं परत द्यायचा, हा तिचा कायदा. गोष्ट अर्धी राहिली? मग उद्या परत याच गाडीला या. एका किराणा दुकानदाराला म्हणे काही काम नसताना लातूरला जाऊन यावं लागलं होतं. डेपोत सगळे तिला ‘भलतंचवाली’ म्हणून चिडवायचे आणि तिला ते आवडायचं.

‘भलतंच’ हे मासिक आहे, असं निदान त्यावर छापलेलं असतं. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मल्लिकार्जुन नावाचे गृहस्थ लग्नपत्रिका छापतात. लग्नसराई सरली, मशीन मोकळं झालं, की ते हा अंक काढतात. त्यात सगळ्या कुठंच न घडलेल्या गोष्टी. बोध नाही, तात्पर्य नाही, शेवटी कोणी सुधारत नाही. धम्मप्रियाला पहिला अंक सापडला तो सीटखाली, कोणीतरी विसरून गेलेला. अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिता पिता तिनं सहज उघडला. एका हमालाची सावली आडत बाजारात सोयाबीनच्या ढिगाबरोबर लिलावात निघते, व्यापारी तिच्यात ओल किती ते तपासतात, आणि भाव पाडला म्हणून हमाल भांडायला उठतो, अशी ती गोष्ट होती. चहा गार झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. ती हसत होती आणि डोळ्यांत पाणीही होतं, आणि दोन्हींचं कारण तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिचा सगळा दिवस जे आहे तेच मोजण्यात जायचा. फुल किती, हाफ किती, सुटे आहेत का नाहीत. अशा बाईला, जे नाहीच ते कोणीतरी इतक्या मनापासून लिहिलंय, याचा केवढा तरी आधार वाटला. म्हणजे हे चालतं तर! पुढं ती प्रत्येक अंकाची वाट बघू लागली, मग स्वतःच लिहू लागली, आणि मल्लिकार्जुन ते छापू लागले.

इथपर्यंत सगळं बरं होतं. नडले ते आपलेच लोक.

तिचे वडील व्यंकटी गुरुजी. धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी घरातले देव टोपल्यात भरून गोदावरीत सोडले, तेव्हा टोपल्याची एक बाजू लहानग्या व्यंकटीनं धरली होती. तेव्हापासून, जे नाही त्याच्याशी गुरुजींनी उभा दावा मांडला. मास्तरकी करता करता गावोगाव नारळातून करणी काढणाऱ्या बुवांचं पितळ उघडं पाडलं, निखाऱ्यांवर स्वतः चालून दाखवलं. अशा माणसाला विहारातली मंडळी विचारू लागली, “गुरुजी, पोरगी भुताखेताचं लिहून राहिली म्हणं?” गुरुजींनी तिचा एकही अंक उघडला नव्हता. त्यांना लाज वाटायची, आणि ते तसं तिच्या तोंडावर सांगायचे.

“बुवा तरी दुसरं काय करतेत? नसलेलं दाखवतेत. तूबी तेच करून राहिलीस.”

“आप्पा, बुवा नसलेलं खरं हाय म्हणतो आन लोकांचे पैसे काढतो. मी आधीच सांगते, हे कुठंच घडलेलं न्हाई. यात फसवलं कोणाला?”

“मग लिव्हायचं तरी कशाला?”

याचं उत्तर तिच्याकडं होतं, पण आप्पांना सांगायचा धीर होत नव्हता. आई, कोंडाबाई, जाऊन सहा वर्षं झाली होती. गुरुजींनी कावळ्याला घास ठेवला नाही की काही नाही. विहारात वंदना झाली आणि संपलं. गेलेलं माणूस गेलं. धम्मप्रियालाही ते पटत होतं. पण गाडीत रोज बाया चढायच्या, आणि त्यांतली एखादी पदर खोचून, पिशवी पोटाशी धरून अगदी आईसारखी उभी राहायची. तेव्हा नुसतं पटून भागायचं नाही. आईला एसटीत कधी खिडकी मिळाली नव्हती. गुरुजींना गाडी लागायची, म्हणून चाळीस वर्षं खिडकी त्यांची. कोंडाबाईनं रस्त्याकडेची झाडंसुद्धा नवऱ्याच्या खांद्यावरून बघितली.

त्यातच अश्वजित सरांनी तिचं चांगलं करायला घेतलं. सर नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवत. माणूस भला होता, आणि भला माणूस आडवा आला की भांडायचीही पंचाईत होते. त्यांनी पुण्याच्या एका प्रकाशकाला तिच्याबद्दल सांगितलं आणि प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाले. अट एकच, आत्मकथन पाहिजे. “ताई, तुमचं जगणंच इतकं दाहक आहे,” प्रकाशक फोनवर म्हणाले, “हे भलतंच-बिलतंच कशाला लिहिता?” सर भरवत असलेल्या संमेलनात तिनं त्यातलं एक प्रकरण वाचायचं आणि तिथंच पुस्तक जाहीर करायचं, असं ठरलं.

पुस्तक तिला हवं होतं. आपल्या नावाचं, जाडजूड, कपाटात उभं राहणारं. कोणाला नको असतं? तिनं प्रकरण लिहूनही काढलं. विहीर, वेस, आईची मजुरी. त्यात खोटा एक शब्द नव्हता. पण हे सगळं तिच्याआधीच्यांनी रक्त आटवून लिहिलं होतं, तिच्याहून चांगलं लिहिलं होतं. तिनं जाऊन सरांना सांगितलं.

“सर, जे घडलं ते आपल्या माणसांनी लिव्हलं. लिव्हायलाच पाहिजे होतं. पण जे घडलंच न्हाई, ते काय दुसऱ्यांच्या नावावर हाय? त्यांच्या लेकरांनी चांदावर जायचं आन आपल्यांनी जलमभर विहिरीच्या काठाला उभं राहायचं?”

“ताई, समाजाला काय पाहिजे तेही बघावं लागतं.”

“म्याबी समाजच हाय की, सर.”

सर हसले, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘आत्मकथनाचे वाचन’ असंच छापून आणलं.

संमेलन नांदेडच्या एका मंगल कार्यालयात होतं. धम्मप्रिया ड्युटी संपवून खाकीतच आली. पहिल्या रांगेत व्यंकटी गुरुजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ताठ बसले होते. मुलीनं शेवटी शहाणपणाचं काहीतरी लिहिलं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. प्रकाशक मंचावर. तिनं पिशवीत हात घातला, प्रकरणाचे कागद बोटांना लागले, आणि ते तसेच ठेवून तिनं ‘भलतंच’चा नवा अंक बाहेर काढला.

गोष्ट तिचीच होती. गाडी माळेगावच्या पुढं जाते आणि जिथं थांबा नाही तिथं एक बाई हात करते. कंडक्टरची आई. ती मेलेली आहे हे तिला ठाऊक आहे आणि कंडक्टरलाही. मशीन अर्धं तिकीट काढतं.

“‘मेल्यावर अर्धं झालं का गं?’ आईनं इचारलं. ‘न्हाई माय, जित्या बायांनाबी आता अर्धंच हाय.’ ‘आगं बया, मग म्या उगंच घाई केली.’”

कार्यालयात बाया पदर तोंडाला लावून हसल्या. धम्मप्रिया पुढं वाचत गेली. आई म्हणते, मला खिडकी पाहिजे. सगळ्या खिडक्या भरलेल्या. उरली फक्त आमदारासाठी राखीव असं लिहिलेली जागा. त्या जागेवर आजवर आमदार बसलेला कोणी पाहिला नाही, पण नेमका आज तो बसलाय. गळ्यात हार, आणि हारावर किती वर्षांची कोणास ठाऊक धूळ.

सरांनी उठून माईक हातात घेतला.

“ताई, थांबा. हे आत्मकथन नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजापुढं तुम्ही मेलेली माणसं गाडीत बसवता? ही अंधश्रद्धा आहे. समोर गुरुजी बसलेत, त्यांनाच विचारू.”

प्रकाशक खाली मान घालून मोबाइल बघू लागले. पिशवीतलं प्रकरण अजूनही काढता आलं असतं. धम्मप्रियाला घाम फुटला होता, राग आला होता, आणि रडू तर नक्कीच येणार होतं. पण ती जागची हलली नाही.

“इचारा की,” ती म्हणाली.

व्यंकटी गुरुजी उठले. भरल्या सभेत बुवांना उलटसुलट प्रश्न विचारण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळं मागच्या रांगांतले लोक सरसावून बसले.

“ह्या गोष्टीत मेलेली बाई हाय,” गुरुजी म्हणाले.

“हाव.”

“ती तुझी माय हाय.”

“हाव, आप्पा.”

“मग तिला खिडकी मिळाली का न्हाई?”

“गुरुजी, अहो, तुम्हीसुद्धा...” सर म्हणाले.

“सर, तिला अग्नी म्या दिला. ती कुठं हाय न् कुठं न्हाई, ते मला शिकवू नका.” गुरुजींचा आवाज फाटला. “चाळीस वर्षं खिडकीत मी बसलो. मला एवढंच इचारायचंय. मिळाली का?”

सरांचा माईकचा हात आपोआप खाली आला. धम्मप्रियाला माईक लागलाही नाही. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज तिच्याकडं होताच.

“कंडक्टर आमदाराला म्हणाली, ‘उठा.’ तो म्हणाला, ‘बाई, ही जागा राखीव आहे.’ कंडक्टर म्हणाली, ‘हाव. हिच्यासाठीच.’ आन तिनं डबल बेल मारली.”

टाळ्या झाल्या. काहीजण वाजवत नव्हते, हेही खरं. पुस्तक जाहीर झालं नाही, पुढंही झालं नाही. प्रकाशक पुण्याला गेले ते गेलेच. धम्मप्रियाला त्याचं वाईट वाटलं, आणि मी चुकले असं मात्र कधीच वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुजी तिच्या गाडीला आले. लातूरला मल्लिकार्जुनांना भेटायचंय म्हणाले, मागचे सगळे अंक आणायचेत. दोघांच्या सीटवर ते मधल्या वाटेच्या बाजूला बसले, खिडकी मोकळी सोडून. लोहा यायच्या आतच त्यांचा चेहरा पिवळा पडला. नाकाशी लिंबू धरून ते कसेबसे बसून राहिले, पण आत सरकले नाहीत.

लोह्याला गाडी भरली. एक जाडजूड गृहस्थ त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले. “गुरुजी, खिडकीला कोणी हाय का?”

“कोणी न्हाई,” गुरुजी म्हणाले. “पण तिथं बसायचं न्हाई.”