आधी म्हैस, मग हरीण

आमच्या कवायतीच्या बाई मैदानात उतरायच्या त्या अनवाणीच. चपला चिंचेखाली काढून ठेवायच्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचायच्या आणि खो-खोच्या पट्ट्यावर या खुंटापासून त्या खुंटापर्यंत डुलत डुलत चालायच्या. मध्येच थांबून अंगठ्याने माती उकरायच्या, खडा उचलून ओच्यात टाकायच्या. नव्या पोरींना वाटे, बाईंचं काही हरवलं आहे. एकीने तर पाव तास त्यांच्याबरोबर वाकून शोधलं आणि शेवटी विचारलं, "बाई, काय शोधून राहिल्या?"

"तुह्या गुडघ्याचं रक्त," बाई म्हणाल्या. "उद्या सांडनार हाय ना, ते आजच उचलून राहिली."

वर्गात त्या अगदी पुस्तकासारखं शुद्ध बोलत. मैदानाची चुन्याची रेघ ओलांडली की झाडीबोली सुरू. आम्हाला ती रेघ ओलांडायची भारी घाई असे, पण बाई ओलांडू देतील तर ना! आधी नखं दाखवा. मग वेण्या वर बांधा, कारण मोकळी वेणी पळताना मागचीच्या डोळ्यात चाबकासारखी बसते. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "आधी म्हैस, मग हरीण!"

म्हैस म्हणजे मैदानाला तीन फेऱ्या, मान हलवत, खांदे फिरवत, पाय जड टाकत. अंगातून घाम सुटेपर्यंत हरीण व्हायची परवानगी नाही. कुंपणापलीकडे मुलांची शाळा होती. आमची म्हैसचाल सुरू झाली की पलीकडून पन्नास रेडे हंबरायला लागत. आम्ही लाजून अर्धमेल्या. बाई मात्र एकदा कुंपणाशी गेल्या आणि म्हणाल्या, "हंबरता कायले? या ना, पळून दाखवा!" तीन दांडगे पोरगे कुंपण ओलांडून आले, आणि थंड्या अंगाने, थंडीतल्या सकाळी, असे काही सुसाट सुटले की आम्ही टाळ्याच वाजवल्या. दुसऱ्या वळणावर त्यातला एक पोटरी धरून खाली बसला आणि आईच्या नावाने बोंबलू लागला. बाईंनी त्याचा पाय सरळ केला, पंजा हळूहळू वर दाबला, पोटरीतला गोळा उतरवला आणि त्याला उठवून म्हणाल्या, "हरीण व्हायले आला अन् बकरा झाला रे बाप्पा!" त्यानंतर कुंपणापलीकडून कुणी हंबरलं नाही.

माझा स्वतःचा घोटा मुरगळला तेव्हा बाई आमच्या घरी आल्या. आमचं घर म्हणजे पत्रकांचं कोठार. बाबा गोंदियातल्या बिडी कामगारांसाठी पत्रकं लिहीत, छापून आणत आणि वाटत. मी बाराखडी शिकले तीही पत्रकावरच. माझ्या वयाच्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत, मी "बंधूंनो, जागे व्हा!" म्हणत असे. तर त्या दिवशी आळीतल्या चार बायका तेलाची वाटी घेऊन माझ्या घोट्यावर तुटून पडल्या होत्या. बाई दारातूनच ओरडल्या, "चोळून नका राहू वो! पाय हाय तो, कनीक नाही!" त्यांनी माठाच्या गार पाण्यात फडकं भिजवून घोट्याभोवती गुंडाळलं. मग पाय उंच ठेवायला उशी मागितली. उशी कुठली, बाबांनी पत्रकांचे दोन गठ्ठे सरकवले. बाईंनी त्यावर माझा पाय ठेवला आणि बाबांकडे बघत गंभीरपणे म्हणाल्या, "कोनाले तरी उपयोग झाला म्हना यांचा." बाबा इतके हसले की त्यांचा चष्मा पडला.

मला हे सगळं फार मोठं वाटे. पोरींनी पडावं, रडावं आणि घरी बसावं असंच सगळ्यांना वाटत असताना एक बाई म्हणत होती, की पडू नका, आणि त्यासाठी पळणंही सोडू नका. म्हणून मी त्यांची कट्टर अनुयायी झाले. आणि अनुयायी म्हणजे काय आपत्ती असते, ते बाईंना लवकरच कळलं.

बाईंचा एक नियम होता: उघडी काचेची बांगडी मैदानावर येणार नाही. बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा, वळताना पडायचं, हातावर लोळायचं. बांगडी फुटली की मनगटातच शिरते. आम्ही कुमारिका बांगड्या काढून मडक्यात ठेवत असू. अडलं फक्त सुमनचं. सुमन आमची सगळ्यात चपळ खेळाडू, आणि नुकतंच लग्न झालेली. नवरा शिकलेला, बायकोने मॅट्रिक व्हावं असं म्हणणारा. म्हणून ती शेजारच्या नागरा गावाहून सासूबरोबर बैलबंडीत बसून शाळेला यायची; सासू तिला फाटकाशी सोडून पुढे बाजारात जायची. हातात हिरवा चुडा गच्च. तो काढायचा म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठायचं. बाईंनी जुन्या धोतराची मऊ पट्टी करून चुड्यावर गुंडाळायला सांगितलं. सुमन आपल्या हाताने गुंडाळायची, पण घामाने पट्टी दहा पावलांत सुटायची. आणि पट्टी टिकल्याशिवाय बाई तिला खेळू देईनात. तिरोड्याच्या मुलींशी सामना पाच दिवसांवर आलेला, आणि आमचं हरीण चिंचेखाली बसलेलं!

माझं रक्त उसळलं. मी कार्बन पेपर लावून पत्रक लिहिलं. सोळा प्रती. मथळा: "भगिनींनो, मनगटं मोकळी करा!!!" आत बरंच काही होतं, काचेची गुलामी वगैरे. आणि शेवटी एक वाक्य, ज्याचा मला त्या वेळी फार अभिमान होता: "आमच्या कवायतीच्या बाईंची मोकळी मनगटं पाहा आणि त्यांच्यासारख्या व्हा!"

बाई विधवा होत्या. मला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण पत्रकांच्या घरात वाढलेल्या पोरीला मोकळं मनगट म्हणजे फक्त मोकळं मनगट वाटतं. ते वाक्य गोंदियाच्या बाजारात कसं ऐकू जाईल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी सोळाही प्रती भाजीवाल्यांना वाटून, विजयी मुद्रेने घरी येऊन पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सुमनची सासू मैदानावर आली. भागरताबाई. उंच, काळीसावळी, काष्टा घातलेली, धानाचा भारा एकटीने उचलणारी. तिला वाचता येत नव्हतं, पण बाजारात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

"कोन हाय ते मास्तरीन?" ती गर्जली. "माहा पोरगा जित्ता हाय वो अजून! कायले माह्या सुनेच्या चुड्यावर उठली तू? सोतासारखं करतं का तिले?"

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कचेरीतून धावत आल्या, पत्रक वाचलं आणि पांढऱ्या पडल्या. "हे कुणी लिहिलं? मला आत्ता सांगा. नाहीतर आजपासून मुलींचा खो-खो बंद!"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. इतक्या क्रांत्या केलेली जीभ, पण हलेना.

"माझ्या मैदानावरून निघालं आहे," बाई शुद्ध भाषेत म्हणाल्या. "जबाबदारी माझी." आणि मग रेघ ओलांडून भागरताबाईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मावशी, चुडा काढ असं मी तुह्या सुनेले कधी म्हनलं नाही. इचार तिले. मी म्हनतो, चुडा फुटला नाही पायजे. उघडा चुडा घालून ते मैदानात पडली अन् बारा बांगड्या फुटल्या, तं ते तुले चालते का?"

हा प्रश्न भागरताबाईला बाजारात कुणी वाचून दाखवला नव्हता.

"नाही चालत," ती शेवटी म्हणाली.

"मलेही नाही चालत. म्हनून पट्टी गुंडाळा लागते. पन सुटून राहिली ना! आन हात, सुमन, मीच बांधून पाह्यतो."

बाईंनी हात पुढे केला आणि भागरताबाई मध्ये आली. "तू हात नोको लावू." आवाज आता चढलेला नव्हता, पण बोलणं स्पष्ट होतं. विधवेचा हात नव्या चुड्याला नको. बाईंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला, जणू हातच मळलेला होता. तेव्हा मला माझं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

भागरताबाईने सुमनचा हात ओढून पट्टीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे बांधनं होय का? असं बांधलं तं बिडी सुटते, मानसाचा हात सुटन नाही तं का?" धानाचं काम सरलं की ती बिड्या वळायची, नागऱ्यात तिच्यासारखा हात कुणाचा नाही म्हणत. ती तिथेच मातीत मांडी घालून बसली, कमरेच्या पिशवीतून बिडीच्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि पट्टी फिरवत, दर फेऱ्याला दाबत, वरून दोऱ्याचा असा काही वेढा दिला की गाठ कुठे ते दिसेना. दुसरा हातही तसाच. "पळ आता!" तिने हुकूम सोडला.

सुमन धावली. वळली. पडली. लोळली. पट्टी जागची हलली नाही. भागरताबाईने मान डोलावली आणि बाईंकडे न बघता म्हणाली, "उद्या येतो. रोज बांधा लागन हे."

मोठ्या बाई कधी कचेरीत परत गेल्या ते कुणाला कळलंच नाही.

पुढचे तीन दिवस मैदानावर दोन कवायतीच्या बाई होत्या. भागरताबाईला नियमांची अशी चटक लागली की विचारू नका. तिने माझी नखं पाहिली आणि म्हणाली, "हे नखं होय का विळे? काप, नाही तं मी कापतो!" एक पोरगी म्हैस न होता हरीण व्हायला निघाली, तिला वेणीला धरून परत आणलं. बाई चिंचेखाली तोंडाला पदर लावून हसत.

सामन्याच्या सकाळी तिरोड्याच्या मुली आगगाडीने आल्या, हातभर बांगड्या वाजवत. भागरताबाईने ते पाहिलं आणि त्यांच्या रांगेत घुसली. "थांबा वो पोट्ट्यांनो! अशा कशा खेळून राहिल्या? कोनाच्या लेकी तुम्ही? बसा खाली, आना हात!" त्यांच्या बाई गोंधळल्या, पंच शिट्टी फुंकू लागले, मैदानाभोवती जमलेले लोक "वाह अम्मा, क्या बात है!" म्हणून ओरडू लागले. नऊ पोरी, अठरा हात! पंचांनी तिसरी शिट्टी फुंकली तेव्हा तिरोड्याचा शेवटचा हात झाला होता, आणि आमची सुमन तशीच उघड्या चुड्याने उभी होती.

भागरताबाईने सुनेचा उजवा हात मांडीवर घेतला, दोरा दातात धरला आणि बाईंकडे पाहून दाताआडूनच ओरडली, "पाहून का राहिली वो? डावा तू घे! येळ होऊन राहिला!"

बाई जागीच उभ्या राहिल्या.

"बाई, ऐकू नाही येत का? डावा घे म्हनलं!"

बाई खाली बसल्या. त्यांनी सुमनचा डावा हात हातात घेतला, चुडा नीट सारखा केला आणि पट्टी गुंडाळू लागल्या. गाठ दोनदा चुकली. पंचांनी चौथी शिट्टी फुंकली तेव्हा भागरताबाई त्यांच्यावर खेकसली, "फुक बापा, फुक! फुकायले का लागते? इथं काम सुरू हाय!"

सामना आम्ही एका गुणाने हरलो. पण शेवटच्या क्षणाला सुमनने खुंटाजवळ अशी उडी घेतली, की ती दोन्ही हातांवर सपशेल आपटली आणि सगळं मैदान उभं राहिलं. भागरताबाई रेघ तुडवत आत धावली. पट्ट्या सोडल्या, बांगड्या मोजल्या. सहा आणि सहा, बारा. मग तिने सुमनचे दोन्ही हात उंच धरून लोकांना असे काही दाखवले की तिरोड्याच्या मुलींना आपण जिंकलो हे बराच वेळ कळेना. त्याही टाळ्या वाजवत होत्या.

पुढच्या वर्षी राज्यांच्या पुनर्रचनेत बाईंची बदली चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे झाली. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने जायच्या होत्या. फलाटावर अर्धी शाळा जमली होती. मला त्यांच्याशी एकटीने बोलायचं होतं, आणि एक वर्ष मी ते टाळलं होतं. गाडीने शिट्टी दिली तेव्हा खिडकीशी जाऊन मी सगळं भडाभडा ओकले: पत्रक मी लिहिलं, तुम्हाला न विचारता लिहिलं, आणि त्या दिवशी भित्र्यासारखी गप्प बसले.

"मालूम हाय मले," बाई म्हणाल्या. "मनगटं मोकळी करा म्हनून तीन उद्गारचिन्हं दुसरं कोन देते?"

"मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"भागरताबाई केवढी अन् तू केवढी! हात तुटला असता तुहा. मग पट्टी मलेच बांधा लागली असती ना?"

मी हसता हसता रडायला लागले. त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "लिहीत जा," त्या म्हणाल्या. "फक्त ज्याच्यावर लिहिशीन, त्याले आधी भेटत जा."

गाडी हलली. छोटी गाडीच ती, सायकलीसारखी सुटते. मी त्यांचा हात धरून बाजूने चालू लागले, मग हात सुटला तशी धावू लागले. खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं आणि सबंध गोंदिया स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "ए पोट्टे! फलाटावर धावून नोको राहू! पडशीन!"

बाईंचा नियम मी तेवढा एकदाच मोडला. फलाट संपेपर्यंत धावले.