मावशीला उठवायचं गाणं

झोपलेल्या माणसाला उठवणं ही कला आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर कामाला होते आणि नव्वदच्या दशकात कॉलेजसाठी मी त्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तेव्हा त्यांनी पेपरात वाचलं की अंतराळवीरांना पृथ्वीवरून गाणं लावून उठवतात, आणि कधीकधी ते घरच्यांनी निवडलेलं असतं. झालं, काका कामातून गेले. तिकडे दर दीड तासाला सूर्य उगवतो, मग सकाळ कुठली हे ठरवतं कोण, असं ते भाजीवाल्यालाही विचारत. त्यांची स्वतःची सकाळ पाळीनुसार कधीकधी दुपारी दोनला होत असे, त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा होता. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून त्यांनी कॅसेटवर गाणी भरून आणली आणि पहिला प्रयोग माझ्यावर केला. परीक्षेच्या दिवशी कानाशी ढोल-ताशा वाजला आणि मी कॉटवरून खाली आलो. "जाग आली ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मग त्यांनी मावशीला तिचं गाणं विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कोण उठवणार? सगळ्यांच्या आधी मीच उठते."

माझ्या आईला फोन करून काकांनी मावशीचं लहानपणीचं झोपाळ्यावरचं गाणं शोधून काढलं, तेही भरून आणलं आणि तिच्या आधी उठायचा चंग बांधला. पाचला उठले तर ती पाणी भरत होती. साडेचारला उठले तर स्टोव्ह पेटलेला. चारला उठले तेव्हा पित्त झालंय का, असं तिनेच काळजीने विचारलं.

पुढे मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सात वाजले तरी ती झोपलेलीच होती. काकांनी टेपरेकॉर्डर हळूच उशाशी ठेवला, बटणावर बोट ठेवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बराच वेळ तसेच बसून राहिले. मग बोट उचललं.

"राहू दे," ते मला म्हणाले, "आज तिला कुठे जायचं नाहीये."

दार लोटून आम्ही चहाला लागलो. साखर सापडेपर्यंत काकांनी स्वतःच्याच घरातले अकरा डबे उघडले. साडेनऊला मावशी उठली. इतक्या उशिरा उठल्याबद्दल ती ओशाळली होती, आणि काका पांचट चहाचा कप धरून, काहीही न विचारता तिच्यासमोर उभे होते.