मुंजाजींनी उतरवलेली हवा

गुरुवार, २३ मे २०२४. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, हे कोणत्याही पंचांगात पडताळता येते. पुढचा मजकूर बोरी येथील मुंजाजींच्या पंक्चरच्या दुकानात दोन दिवस बसून केलेल्या टिपणांवर आधारलेला आहे.

मुंजाजी एकसष्ट वर्षांचे. घरची मेंढरे भावाकडे सोपवून एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्याकडेला हे दुकान टाकले. टायरवर लोखंडी टॉमी, म्हणजे टायर काढायची पट्टी, मारून नुसत्या आवाजावरून हवा सांगण्याबद्दल त्यांचे नाव आहे. सहा वेळा त्यांचा अंदाज मीटरशी ताडून पाहिला. पाच वेळा तो दोन पीएसआयच्या आत निघाला. उन्हाळ्यात मात्र ते तापलेल्या टायरमधली हवा, तो फुटू नये म्हणून, सरसकट उतरवत. ट्यूबच्या जीपगाड्यांच्या काळात उस्तादाने शिकवलेली ही रीत. गिऱ्हाईकही तीच मागे.

त्या दुपारी दोन वाजता त्यांचे जावई योगीराज वालूरहून आले. मुलगी भक्ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आठवा महिना सरत आला होता. डॉक्टरांनी तिला शुक्रवारी सकाळी तपासणीसाठी परभणीला बोलावले होते. जावयाच्या गाडीत हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला होता. एका चाकात खिळा निघाला. पंक्चर काढून मुंजाजींनी ते चाक भरले. बाकी तिन्ही चाकांवर मीटर एकोणचाळीस दाखवत होते.

"जावईबापू, किती ठेवायची?"

"गाडीच्या दारावरच्या कागदावर तेहतीस हाय, मामा."

मुंजाजींनी चारही चाके तेहतीसवर आणली. योगीराजांनी गाडीतले त्या दिव्याचे बटण दाबून धरले, दिवा लुकलुकला आणि विझला. दोघेही समाधानाने जेवायला गेले.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला भक्ती पुढच्या सीटवर बसली. निघता निघता मुंजाजींनी सवयीने मागच्या चाकावर टॉमी मारली आणि थांबले. दुसऱ्या चाकावर मारली. मग मीटर आणले. अठ्ठावीस. चारही चाके अठ्ठावीस.

"उतरा सगळे."

"मामा, दिवा कुठं लागलाय? उशीर व्हायलाय."

"दिव्याचं ऱ्हाऊ द्या. आवाज बसलाय."

भक्ती पोट सावरत उतरली आणि तिने चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा इंग्रजी कागद वाचला. "आबा, इथं थंड टायर लिवलंय. तुमी भर दुपारी मोजली. टायर तापलं की आकडा चढतो, निवलं की उतरतो."

"मग काल का न्हाई वाचलंस?"

"मला कोण विचारतंय? सासरा-जावयाची सभा चालली होती."

प्रश्न दिव्याचा उरला. त्या गाडीतली यंत्रणा हवा प्रत्यक्ष मोजत नाही. चाकांच्या फिरण्यातला फरक पाहते. बटण दाबताना जेवढी हवा असेल, तीच बरोबर असे ती धरून चालते. चारही चाके सारखीच उतरली, तर तिला वेगळे काही दिसत नाही. योगीराजांनी गाडीच्या पुस्तिकेतले ते पान शोधून मोठ्याने वाचले.

"म्हंजी गलती आमी केली, अन् ती बरूबर हाय म्हणून गाडीला तुमी सांगितलं," मुंजाजी त्यांना म्हणाले.

चारही चाके थंड असताना तेहतीसवर भरली. मगच बटण पुन्हा दाबले. गाडी सव्वासातला निघाली आणि दीड वाजता परतली. आई आणि पोटातले बाळ दोघेही ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. भक्ती गाडीतून उतरेपर्यंत मुंजाजींनी एकही चाक हातात घेतले नव्हते.

तासाभराने जीपवाले सूर्यभान आले. "अण्णा, लय तापलंय. जरा हवा उतरवा."

"न्हाई उतरवत. सकाळी या, थंड असताना मोजू."

"पोरीनं शाळेत घातलं का काय तुमाला?"

"घातलं," मुंजाजी म्हणाले. "पहिलीत हाय."

सूर्यभान हसत पुढच्या दुकानाकडे निघून गेले. मुंजाजींनी त्यांना थांबवले नाही.

कमी हवेचा टायर धावताना जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटू शकतो. अठ्ठावीसवर गाडी गेली असती, तर वाटेत काय झाले असते, हे सांगता येत नाही. कदाचित काहीच झाले नसते. एकतीस उन्हाळ्यांत या दुकानातून हवा उतरवून किती गाड्या गेल्या, याची कुठेही नोंद नाही. त्यांतल्या एखाद्या गाडीचा टायर त्यामुळेच फुटला का, असे मुंजाजींनी संध्याकाळी विचारले. ते अद्याप कोणालाही माहीत नाही.