सकाळ मोकळी, संध्याकाळ मोकळी

दुधाच्या रांगेत, हातात पिशवी धरूनच तो फोरहँड मारून दाखवायचा. मागचे लोक गुपचूप दोन पावलं सरकायचे. असा एखादा बाप तुम्हीही पाहिला असेल. पाचोडच्या शेतकऱ्याचं पोर, टेनिस शिकला मोबाइलवर बघून, पण बोलणं असं की जन्मच कोर्टावर गेला. "चेंडूच्या आधी पोचायचं, मावशी," हे त्याचं पालुपद.

आमच्या वरच्या मजल्यावर बाप-लेक दोघंच राहायची. पहाटे पोरीला टेनिसच्या सरावाला स्कूटरवर घेऊन निघायचा. ती मागं बसून निम्म्या झोपेत पोळी खायची.

तिचा दहावीचा निकाल लागला. विज्ञानात असे मार्क, की पेढे मीच वाटले. ती माझ्या ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "आजी, मला बायोलॉजी लई आवडतं. सायन्स घेऊ का?"

उत्तर दारातून आलं, बापाचं. "प्रॅक्टिकलला बसलीस तर सरावाला कधी जाशील? आर्ट्स घ्यायचं. सकाळ मोकळी, संध्याकाळ मोकळी."

"बरं, बाबा," ती म्हणाली. एवढंच.

बारावीत, एका मॅचमध्ये वळताना पडली आणि गुडघा गेला. दवाखान्यात मीही होते. डॉक्टर म्हणाले, आता खेळ बंद. पोरगी रडली नाही हो. आत काय तुटलं, ते जोडतात कसं, विचारतच राहिली. डॉक्टरांना हसू आलं. "डॉक्टर व्हायचंय का तुला?"

"नाही सर. मी आर्ट्सला आहे."

बाप शेजारीच उभा होता, तिच्या चपला हातात घेऊन.

मग तो दिसेल त्याला विचारत सुटला. मास्तरांना, मेडिकलवाल्याला, मलासुद्धा. "आर्ट्सवरून सायन्सला जाता येतं का हो?" येतं, पण पुन्हा अकरावीपासून, असं कुणीतरी सांगितलं. तसाच धावत वर गेला. जिन्यात मला तिचं बोलणं ऐकू आलं. "नको बाबा. माझं बीएचं ठरलंय. आणि तुमचं काय चुकलं नाय."

भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पोरगी आता पुण्याला असते. परवा बाजारातून येताना तो मला एका कॉलेजच्या फाटकासमोर दिसला. प्रॅक्टिकल सुटलं होतं. पांढरे एप्रन हातावर टाकून मुलं-मुली बाहेर येत होती.

"कुणाची वाट बघतोस रे?"

"कुणाची नाय, मावशी. थांबा जरा, सोडतो घरी."

थांबले. शेवटची मुलगी बाहेर आली, रिक्षात बसून गेली. शिपायानं फाटक ओढून घेतलं. तरी तो स्कूटर काढीना.