पाटलाची मिशी

आमच्या नाटक कंपनीत मी कपडे शिवते आणि मेकपवाला नटांची तोंडं रंगवतो. वीस वर्षं आम्ही भांडतोय. तो बोलतो कमी, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर हाय का?" विचारतो आणि उत्तराला थांबत नाही.

नाटकातल्या पाटलाची नकली मिशी आधी लावली तर घामानं सुटते, पेटीत ठेवली तर सापडत नाही. म्हणून तो ती स्वतःच्याच ओठावर चिकटवून ठेवतो आणि ऐनवेळी नटाला लावतो. स्वतः मात्र कधी स्टेजवर जात नाही. समोर माणसं दिसली की पेटीमागं जाऊन बसतो.

मंठ्याला दुपारच्या खेळात पाटील बिनमिशीचाच स्टेजवर गेला आणि म्हणाला, "या मिशीची शपथ." लोक हसले, शिट्ट्या सुरू झाल्या. पाटलाला पुढचं आठवेना.

पडद्यामागं मी मेकपवाल्याला म्हटलं, "जा की. मिशी तुझ्याच तोंडावर हाय."

"मावशी, मला न्हाई जमायचं, बराबर हाय का?" म्हणाला आणि गेला.

स्टेजवर त्यानं मुजरा केला, ओठावरची मिशी उपटून पुढं धरली. "पाटील, घाईत घरीच राह्यल्ती. वैनीनं पाठवली, बराबर हाय का?"

"बराबर हाय," सगळा मांडव ओरडला. खेळ पुढं रंगला.

मालक म्हणाले, रोज असंच कर. तो बिलकुल तयार झाला नाही. पुढच्या मुक्कामी, धावड्याला, पाटील स्टेजकडं निघताच त्यानं त्याचा सदरा मुठीत धरला, तो मिशी लावूनच सोडला. सदऱ्याची शिवण उसवली. मी ती शिवली, भांडले नाही.